ग्लेनिस काही खात नाही

उर्मिलाबाईंच्या हातचं खायला नाही म्हणणारा माणूस त्यांना पुण्यात कधी भेटला नव्हता. तो भेटायला न्यूझीलंडला यावं लागलं. पापामोआच्या किनाऱ्यावर राहणारी, सत्तरीच्या आसपासची, उंच, सडपातळ, पांढऱ्या केसांचा बॉब केलेली ती बाई. तिचं नाव ग्लेनिस.

आता उर्मिलाबाईंना नाही म्हणणं म्हणजे काही साधी गोष्ट नव्हे. त्या वाढत नसत, चाल करून येत. पाहुण्याने ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून वाढतील, अशी त्यांची ख्याती. सदाशिव पेठेत मीटर बघायला आलेला माणूसही त्यांच्याकडून किमान लाडू खाऊन जायचा. आणि ही ग्लेनिस तीन महिने दर वेळी एकच वाक्य म्हणत होती, "नो, लव्ह, आय अॅम राइट." म्हणजे, नको गं, माझं ठीक आहे. हसून म्हणायची, तेच जास्त लागायचं.

झालं होतं असं. जानेवारीत उर्मिलाबाई आणि नानासाहेब सहा महिन्यांसाठी मुलाकडे आले. यशोधन टौरंगाच्या बंदरात सॉफ्टवेअरचं काम करायचा, सून मनाली इंजिनिअर, आठ वर्षांची नात इरा. सकाळी आठ वाजता दोन गाड्या दोन दिशांना जायच्या, की मग एवढं मोठं घर आणि दोन म्हातारी माणसं. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही. इथे सगळे गाडीतून फिरतात. पायी दिसलात तर लोक थांबून विचारतात, बरं आहे ना? नानासाहेबांचं काय, ते टॅबवर मराठी बातम्या बघत दिवस काढायचे. उर्मिलाबाईंना मात्र आठ दिवसांत भिंती खायला उठल्या.

मग त्या चालत निघाल्या. समुद्राच्या कडेकडेने गेलं की चार दुकानं होती. एक डेअरी, म्हणजे आपलं कोपऱ्यावरचं किराणा दुकान. एक मासे तळणारा. एक केस कापणारी. आणि एक ऑप-शॉप. लोकांनी दान दिलेले कपडे, भांडी, पुस्तकं तिथे स्वस्तात विकायची आणि येतील ते पैसे किनाऱ्यावरच्या जीवरक्षक मंडळींच्या बोटीसाठी द्यायचे, असा तो प्रकार. काम करणारे सगळे बिनपगारी. उर्मिलाबाई एक पातेलं बघायला आत शिरल्या. काउंटरवर ग्लेनिस शर्टांच्या घड्या घालत होती आणि त्या घड्या बघून उर्मिलाबाईंच्या जिवाची तगमग झाली. न राहवून त्यांनी एक शर्ट ओढून घेतला आणि अशी घडी घातली, की ग्लेनिस चष्मा काढून बघत राहिली. मग तिने आतून एक निळा एप्रन आणला आणि उर्मिलाबाईंच्या गळ्यात अडकवला. मुलाखत संपली.

तेव्हापासून मंगळवार आणि गुरुवार उर्मिलाबाई दुकानात. इस्त्री त्यांची, घड्या त्यांच्या, बटणं लावणं त्यांचं. इंग्रजी कामापुरतं होतं, पण ग्लेनिसला बोलायला फार लागायचंच नाही. दोघींचं छान जमलं. चहाच्या सुट्टीत मात्र दर वेळची लढाई. उर्मिलाबाई डबा उघडायच्या. कधी शंकरपाळे, कधी नारळाची वडी, कधी थालीपीठ. "हॅव वन, हॅव वन." ग्लेनिस स्वतःच्या पिशवीतून पाकीटबंद बिस्किटं काढायची आणि म्हणायची, "नो, लव्ह, आय अॅम राइट."

"माझ्या हातचं चालत नाही तिला," उर्मिलाबाई घरी येऊन म्हणायच्या.

"अगं, नसेल आवडत तिला मसाला," नानासाहेब टॅबवरून नजर न काढता म्हणायचे.

"शंकरपाळ्यात कसला आलाय मसाला? आपण लोकांच्या हातचं खायचं नाही असं करत होतो ना एके काळी, आता भोगा."

नानासाहेबांनी पुढची बातमी लावली.

एप्रिलमध्ये ईस्टरच्या शनिवारी बोटीसाठी मोठी जत्रा ठरली. जुनी बोट दमली होती, नवी घ्यायची होती. जत्रा म्हणजे गावाच्या हॉलबाहेरच्या हिरवळीवर तंबू, झोपाळे, जुनी पुस्तकं, सॉसेजची शेगडी आणि खाण्याचं टेबल. टेबल ग्लेनिसकडे. तिने सगळ्या स्वयंसेवकांना दुकानात बोलावून सांगितलं, की टेबलं दोन असतील. एकावर दाणे-सुकामेवा असलेले पदार्थ, दुसऱ्यावर नसलेले. यात कोणी गडबड करायची नाही. सांगताना तिचा आवाज इतका कडक झाला, की उर्मिलाबाईंना शाळेतल्या कुलकर्णी बाई आठवल्या.

सगळे गेल्यावर ग्लेनिसने त्यांना बाजूला घेतलं. हळूहळू, समजेल अशा इंग्रजीत तिने सांगितलं. नऊ वर्षांची असताना एका वाढदिवसाला तिने केकचा तुकडा खाल्ला होता. त्यात शेंगदाणा होता. घसा सुजला, श्वास बंद झाला, गावचा डॉक्टर शेजारीच होता म्हणून वाचली. एक दाणा पोटात गेला तरी संपलं. "म्हणून मी खात नाही, उर्मिला. तुझ्यामुळे नाही."

उर्मिलाबाईंना इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! तीन महिने उगाच मनात अढी धरून बसलो, ह्याची लाजही वाटली. घरी येईपर्यंत त्यांचा निश्चय झाला होता. जत्रेला असं काहीतरी करायचं, की ही बाई डोळे मिटून खाईल.

"चिवडा नको, त्यात दाणे," त्या मनालीला म्हणाल्या. "दाण्याचे लाडू तर नकोच. साबुदाणा वडे नकोत."

"आई, मग कोथिंबीर वडी करा ना," मनाली म्हणाली. "सगळ्यांना आवडते. बेसन आणि कोथिंबीर, प्रश्नच नाही."

"आजी, युअर वडी इज हीप्स गुड," इरानेही पाठिंबा दिला.

झालं, वडी ठरली. शनिवारी उर्मिलाबाई पहाटेच उठल्या. नानासाहेबांना टेबलाशी बसवून सहा जुड्या कोथिंबीर निवडून घेतली. मोठ्या परातीत पीठ भिजवलं, उंडे वळले, उकडले, कापले, तळले. घरभर असा वास, की इरा उशी घेऊन स्वयंपाकघरात येऊन झोपली.

जत्रेत ग्लेनिसने ट्रे बघितला आणि विचारलं, "उर्मिला, यात दाणे नाहीत ना?"

"नो पीनट! नथिंग!" उर्मिलाबाई छातीला हात लावून म्हणाल्या. "चणा, राइस, कोथिंबीर, तीळ. फिनिश."

ग्लेनिसने ट्रे दुसऱ्या टेबलावर ठेवला. आणि मग इकडेतिकडे बघून तिने पिशवीतून एक छोटा पत्र्याचा डबा काढला, चिमट्याने चार वड्या उचलून त्यात ठेवल्या. "पाच वाजता चहाबरोबर खाईन," ती म्हणाली. उर्मिलाबाईंना भरून आलं. डोळे पुसायला पदर नव्हता, सलवार कमीज होता, म्हणून एप्रनला पुसले. मग दिवसभर जो भेटेल त्याला त्यांनी सांगितलं. नानासाहेबांना तर तीनदा.

दुपारी तीनला आवराआवर झाली. यशोधन, मनाली आणि इरा तिथूनच हॅमिल्टनला गेले, मित्राच्या मुलाचा वाढदिवस होता. ग्लेनिस तिच्या लाल गाडीतून घरी गेली. हे दोघं रमतगमत चालत घरी आले. नानासाहेब आडवे झाले, मग उठले, मग म्हणाले, "भूक लागली बुवा. सॉसेजच्या वासाने नुसता जीव गुदमरला दिवसभर."

"खिचडी टाकते. आणि काकडीची कोशिंबीर."

उर्मिलाबाईंनी काकडी चोचवली, दही फेटलं, फोडणी केली. मिठाच्या बरणीशेजारचा कुटाचा डबा उघडला, तर डबा रिकामा.

"अहो, कुटाचा डबा कोणी संपवला? परवाच तर भरून ठेवला होता."

"कोणी म्हणजे? तूच," नानासाहेब पेपर चाळत म्हणाले. "सकाळी वड्यांत ओतलास की. पीठ सैल झालं म्हणालीस आणि अख्खा डबा उपडा केलास. मी समोरच बसलो होतो."

उर्मिलाबाई डबा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

आता कोणी म्हणेल, ही काय विसरायची गोष्ट आहे? पण ज्याच्या घरात ओट्यावर कुटाचा डबा असतो त्याला विचारा. भाजीत कूट, आमटीत कूट, कोशिंबिरीत कूट, पीठ सैल झालं की कूट. त्याला कोणी पदार्थात धरतच नाही. बाईंनी ग्लेनिसला मीठ सांगितलं नव्हतं, पाणी सांगितलं नव्हतं, तसंच कूटही सांगितलं नाही. चिवड्यातले दाणे त्यांना आठवले, लाडवातले आठवले. हाताने जे परस्पर घातलं, ते डोक्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

"अहो," त्या म्हणाल्या. "अहो, ग्लेनिस मरेल."

नानासाहेबांच्या हातातला पेपर खाली पडला.

फोन लावला. ग्लेनिसचा मोबाइल वाजत राहिला. ती तो गाडीतच ठेवायची, सगळ्या दुकानाला माहीत होतं. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. घड्याळात पावणेपाच. त्यांनी मनालीला लावला.

मनालीने अर्ध्या वाक्यातच ओळखलं. "आई, मी १११ ला फोन करते, अॅम्ब्युलन्स पाठवते. ग्लेनिसचा पत्ता सांगा."

पत्ता! उर्मिलाबाईंना पत्ता कुठे माहीत होता? त्या ग्लेनिसकडे दोनदा गेल्या होत्या, दोन्ही वेळा वाळूवरून चालत. मोठं वाकडं झाड दिसलं, की वर चढायचं, निळं दार. रस्ता कुठला, नंबर काय, देव जाणे.

"मला घर दाखवता येतं गं, सांगता येत नाही!" त्या रडायलाच लागल्या.

"मग निघा, आई. आत्ता. बाबांचा फोन चालू ठेवा. पोचलात की दारावरचा नंबर आणि रस्ता वाचून सांगा. तोवर मी दुकानातल्या कोणाला तरी शोधते."

त्या निघाल्या. सत्तराव्या वर्षाला टेकलेली बाई, गुडघ्यांची बोंब, जिना चढताना दोनदा थांबणारी. पण त्या दिवशी धावली. नानासाहेब मागून, एका हातात फोन, पायात घरातलेच जँडल, म्हणजे इथल्या रबरी सपाता. वाळूत ते जँडल रुतायला लागले तेव्हा त्यांनी काढून तिथेच टाकले. भरती होती, म्हणून ओली घट्ट वाळू पाण्याखाली गेलेली. वरची कोरडी वाळू तेवढी उरली होती, जिच्यात पाऊल टाकलं की अर्धं मागे येतं.

"हळू, पडशील," नानासाहेब ओरडले.

"पडू दे! माझ्या हाताने मारलं हो मी तिला. नको म्हणत होती बिचारी. तीन महिने नको म्हणत होती आणि मी..." पुढे बोलवेना. धाप लागली होती आणि हुंदकाही येत होता, दोन्ही एकदम कसं जमणार? "गणपतीबाप्पा, तिला वाचव. मी कूट सोडते. जन्मभर घरात दाणा येणार नाही."

"जन्मभर?" नानासाहेबांच्या तोंडून निघून गेलं. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. "सोड, सोड. मीही सोडतो. चल."

कुत्री फिरवणारे लोक थांबून बघत होते. एकाने "किया ओरा", म्हणजे इथला रामराम, म्हणून हात केला. उर्मिलाबाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. ग्लेनिस, चहाचा कप, आणि डबा.

वाकडं झाड आलं. त्या हातांनी गवत धरत टेकाड चढल्या. निळं दार बंद. "ग्लेनिस!" त्यांनी दारावर मुठी आपटल्या. आत टीव्ही चालू होता. उत्तर नाही. त्या बाजूने धावत समुद्राकडच्या मोठ्या काचेपाशी गेल्या, कपाळ टेकवून आत बघितलं.

ग्लेनिस आरामखुर्चीत होती. मान एका खांद्यावर पडलेली, तोंड उघडं. बाजूच्या तिपाईवर कप. कपाशेजारी तो पत्र्याचा डबा. उघडा. आणि रिकामा.

उर्मिलाबाईंच्या तोंडून जो आवाज निघाला तो नानासाहेबांनी चाळीस वर्षांच्या संसारात ऐकला नव्हता. नानासाहेबांनी रस्त्याकडे धूम ठोकली, पत्रपेटीवरचा नंबर बघितला, कोपऱ्यावरच्या पाटीवरचं नाव वाचलं आणि फोनवर मनालीला अक्षर अक्षर सांगायला लागले. इकडे उर्मिलाबाईंनी काचेचं दार ओढलं. ते सरकलं. ह्या देशात लोक समुद्राकडचं दार लावत नाहीत, त्याबद्दल त्यांनी आधी नाकं मुरडली होती, आता त्याच दाराने त्या आत शिरल्या. ग्लेनिसचे दोन्ही खांदे धरले आणि गदागदा हलवलं.

ग्लेनिसने डोळे उघडले.

"गुड हेवन्स," ती म्हणाली. मग तिपाईवर चाचपलं, कानाचं यंत्र उचलून कानात घातलं. "उर्मिला? काय झालं? आणि ही वाळू! सगळ्या गालिच्यावर वाळू!"

"यू एट? ग्लेनिस, यू एट?" उर्मिलाबाई डबा तिच्या नाकासमोर धरून ओरडत होत्या. "पीनट! पीनट इज देअर! माय मिस्टेक! यू एट?"

ग्लेनिसने डब्याकडे बघितलं. मग उर्मिलाबाईंकडे. आणि तिचा चेहरा लाल व्हायला लागला. आधी मान, मग गाल, मग कपाळ, पार केसांपर्यंत.

"चढलं! अहो, चढायला लागलं!" उर्मिलाबाई किंचाळल्या. "पाणी आणा! अॅम्ब्युलन्स!"

"उर्मिला, बस," ग्लेनिस म्हणाली. "बस खाली. मी खाल्लं नाही."

"नाही?"

"नाही." तिला उर्मिलाबाईंकडे बघवत नव्हतं. "बॅरीला दिल्या. शेजारच्या. चारही."

आणि मग ती बोलायला लागली, नेहमीपेक्षा भरभर, त्यामुळे उर्मिलाबाईंना अर्धं कळलं आणि अर्धं तिच्या तोंडावरून समजलं. तिला खायच्या होत्या. खरंच खायच्या होत्या. घरी आल्यावर तिने एक वडी सुरीने कापली, नाकापाशी नेली, इतका छान वास होता. पण जमलं नाही. साठ वर्षं झाली, तिने दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातलं काही तोंडात घातलेलं नाही. आईचं सोडून कोणाचंच नाही, स्वतःच्या बहिणीचंही नाही. लोक प्रेमाने घरी आणून देतात, ती हसून घेते, आणि कुंपणावरून बॅरीला देते. गावातला प्रत्येक ख्रिसमस केक बॅरीच्या पोटात गेलाय. "मी तुझ्याशी खोटं बोलले. तू इतकी खूश झाली होतीस. मला फार वाईट वाटतंय, लव्ह."

उर्मिलाबाई ऐकत होत्या, ऐकत होत्या, आणि मग त्या गालिच्यावरच बसल्या. त्या वाळूतच. त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि असा दणकन पडला, की त्या एकदम हसायला आणि रडायला लागल्या.

"थँक यू," त्या म्हणाल्या. ग्लेनिसचे दोन्ही हात धरून त्यावर त्यांनी कपाळ टेकवलं. "थँक यू फॉर नॉट ईटिंग. थँक यू, थँक यू." आणि मग इंग्रजी संपलं म्हणून मराठीत, "बरं केलंस गं बाई. माझं खाल्लं नाहीस, फार बरं केलंस."

आयुष्यभर ज्या बाईने पाहुण्यांच्या बोटांच्या फटीतून वाढलं, तिच्या तोंडून हे निघालं. दारात उभे असलेले अनवाणी नानासाहेब ऐकत राहिले. मग त्यांना आठवलं, आणि ते फोनमध्ये ओरडले, "मनाली, कॅन्सल! कॅन्सल कर! बाई ठणठणीत आहे! खाल्लंच नाही तिने!"

एवढ्या गोंधळाने कुंपणापलीकडून बॅरी आला. अर्ध्या चड्डीतला गोल माणूस, हातात बागेची कात्री. त्याला काय घडलं ते कळायच्या आत त्याने उर्मिलाबाईंना ओळखलं आणि विचारलं, की त्या हिरव्या वड्या अजून आहेत का.

पण गोष्ट इथे मिटली नाही. ग्लेनिसने सगळं नीट ऐकून घेतलं, दाण्याचं कूट म्हणजे काय ते समजून घेतलं, आणि मग तिचा चेहरा बदलला. "दुसऱ्या टेबलावर होता तो ट्रे," ती म्हणाली. "ते टेबल वेगळं का ठेवतो आपण? माझ्यासाठी नाही, उर्मिला. कोणाचं तरी लहान मूल असेल." ती रागावली होती. खरंच रागावली होती. उर्मिलाबाईंनी मान खाली घातली, कारण खोटं काहीच नव्हतं त्यात. आपल्याला एकटी ग्लेनिसच आठवली, बाकी जगाचा विचारच आला नाही, हे त्यांना आत कुठेतरी फार लागलं.

मग ग्लेनिस कामाला लागली. गावाच्या फेसबुक पानावर तिने ताबडतोब लिहिलं, हॅमिल्टनहून मनालीने लिहिलं, बोटीच्या मंडळींनी आपापल्या गटांत टाकलं. ग्लेनिस फोन करत सुटली. उर्मिलाबाई शेजारी बसून आठवत होत्या. बऱ्याचशा वड्या त्या बोटीवरच्या दांडग्या पोरांनी खाल्ल्या होत्या. काही टौरंगाच्या मराठी मंडळींनी बांधून नेल्या. एक बाई दोन मुलींना घेऊन आली होती, तिने घेतल्या की नाही? ते आठवेना. त्या बाईचा फोन लागेपर्यंत उर्मिलाबाईंनी अथर्वशीर्ष दोनदा म्हटलं.

फोन लागला. मुलींनी नुसता वास घेऊन तोंडं वाकडी केली होती, वड्या आईने खाल्ल्या होत्या, आणि तिला काहीही झालं नव्हतं. बोटीवरच्या पोरांनी पानावर लिहिलं, 'स्वीट अॅज, एकदम मस्त, सगळे जिवंत, पुढच्या वेळी जास्त करा.' शेवटचं उत्तर आलं तेव्हा बाहेर समुद्र राखाडी झाला होता. ग्लेनिसने फोन खाली ठेवला आणि खुर्चीत मागे टेकली.

"कोणाला काही नाही," ती म्हणाली.

उर्मिलाबाईंनी डोळे मिटले. अंगातला एकेक सांधा सैल झाला. एवढं मोकळं त्यांना यशोधनच्या जन्मानंतर दवाखान्यात वाटलं होतं, त्यानंतर आत्ता.

निघताना त्यांनी एप्रनची घडी ग्लेनिसपुढे ठेवली. धावताना तो त्यांच्या गळ्यातच राहिला होता. "गुरुवारी मी येऊ नको ना?" त्यांनी विचारलं. मंगळवारी ईस्टरमुळे दुकान बंद असणार होतं. मनात धाकधूक होती. ह्या परक्या गावात तेवढंच एक ठिकाण त्यांचं होतं, ते आपल्याच हाताने घालवलं असं त्या धरूनच चालल्या होत्या.

ग्लेनिसने एप्रन उचलला, झटकला, वाळू गालिच्यावर पडली. "गुरुवारी नऊला," ती म्हणाली. "पडद्यांची तीन पोती आलीत. इस्त्री कोण करणार, बॅरी?"

घरी खिचडी गार झाली होती. कोशिंबीर बिनकुटाची होती. नानासाहेबांनी ती मुकाट्याने खाल्ली आणि छान झालीय असंही म्हणाले. नवऱ्याला काही वेळा अक्कल असते.

गुरुवारी उर्मिलाबाई तयार झाल्या आणि ओट्यासमोर उभ्या राहिल्या. रिकाम्या हाताने जायचं? पायच निघेना. करून न्यायचं तर आता कुठल्या तोंडाने? शेवटी त्या मागच्या अंगणात गेल्या. फिजोआच्या झाडाखाली सडा पडला होता. अंड्याएवढी हिरवी फळं, पेरूच्या नात्यातली. एप्रिलमध्ये इथे घरोघरी इतकी पिकतात, की लोक पिशव्या भरून रस्त्यावर ठेवून देतात आणि तरी कोणी नेत नाही. त्यांनी सहा वेचली, स्वच्छ धुतली. कापली नाहीत. सोलली नाहीत.

चहाच्या सुट्टीत त्यांनी ती फळं तशीच टेबलावर ठेवली आणि हात मांडीवर घेऊन बसल्या. 'हॅव वन' म्हणाल्या नाहीत. काहीच म्हणाल्या नाहीत.

ग्लेनिस फळांकडे बघत राहिली. "माझ्याकडे बादलीभर पडलीत," ती म्हणाली.

"आय नो," उर्मिलाबाई म्हणाल्या.

ग्लेनिसने पिशवीतून स्वतःची छोटी सुरी काढली, स्वतःचा चमचा काढला. एक फळ उचललं, सगळीकडून फिरवून बघितलं. मधोमध कापलं. आतला पांढरट गर चमच्याने कोरला आणि तोंडात घातला. सावकाश चावला. गिळला. हनुवटीवर रस ओघळला तो हाताच्या पाठीने पुसला. दुसरी फोडही संपवली.

उर्मिलाबाई बघत होत्या. त्यांचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकलेले. 'अजून एक' हे शब्द पार ओठांपर्यंत आले होते, चाळीस वर्षांची सवय होती ती, पण त्यांनी ते चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकले.

ग्लेनिसने सालं बाजूला सारली. आणि मग आपणहून, कोणी न म्हणता, दुसरं फळ उचललं.